एकूण दर्शक

वेबसाइटची दर्शकसंख्या म्हणजे त्या वेबसाइटकडे आलेल्या मागण्यांची यंत्राने ठेवलेली नोंद. या व्याख्येत माणसाचा उल्लेख नाही आणि तो नजरचुकीने राहिलेला नाही. सर्व्हरला माणूस दिसतच नाही. त्याला दिसते ती मागणी: अमुक पत्त्यावरून, अमुक वाजता, अमुक फाइल मागितली, ती दिली, इतके बाइट गेले, फाइल नसेल तर 404 असा शेरा मारून मागणाऱ्याला परत पाठवले. मागणारा कोणत्या पानावरून आला आणि कोणता ब्राउझर वापरतो हेही बहुधा टिपले जाते, पण ते मागणाऱ्याने स्वतः सांगितले तेवढेच. अशा ओळींच्या फाइलला लॉग म्हणतात. या शास्त्रात पुढे जे काही घडले, ते या ओळींतून माणसे उभी करण्याच्या खटपटीतून घडले. जितकी जास्त माणसे उभी राहतील तितके सगळ्यांनाच बरे वाटते: वेबसाइटच्या मालकाला, ती बांधून देणाऱ्याला, तिच्यावर जाहिराती विकणाऱ्याला आणि संस्थेचा वार्षिक अहवाल लिहिणाऱ्या चिटणिसांना. आकडा कमी निघावा असे वाटणारा एकही इसम या व्यवहारात नसतो. एवढे ध्यानात ठेवले की पुढचा विषय फारसा अवघड नाही.

सुरुवातीचे एकक होते हिट. सर्व्हरकडून मागवलेली प्रत्येक फाइल म्हणजे एक हिट. पानावर 20 चित्रे असतील तर पान एक आणि चित्रे 20, म्हणजे एका वाचकाने एकदा पान उघडले की 21 हिट. त्यामुळे 1990च्या दशकात लोकप्रियता वाढवण्याचा खात्रीचा उपाय पानावर चित्रे वाढवणे हा होता. लग्नाच्या पंगतीत ताटे, वाट्या, पेले आणि चमचे वेगवेगळे मोजून ‘चार हजार पाहुणे जेवून गेले’ असे जाहीर करण्यातलाच हा प्रकार. फरक इतकाच, की लग्नात केटरर आकड्याप्रमाणे बिल लावतो, म्हणून वधूपिता निदान एकदा तरी पंगतीतून फिरून डोकी मोजून येतो. हिटचे बिल कोणाला येत नव्हते, त्यामुळे डोकी मोजायची वेळही कोणावर आली नाही.

त्याच काळात पानाच्या तळाशी काउंटर आले. मोटारीच्या मीटरसारखे दिसणारे, काळ्या पट्टीवर पांढरे आकडे फिरवणारे. काउंटर शून्यापासूनच सुरू करावा असे बंधन नव्हते. अनेक प्रकारांत सुरुवातीचा आकडा मालकालाच भरता येई आणि संकोची मालकही तो किमान चार आकडी ठेवत. वैयक्तिक पानांवरून हे काउंटर कधीच गेले, पण महाराष्ट्रातल्या अनेक शासकीय संकेतस्थळांच्या तळाशी ‘एकूण दर्शक’ आणि ‘आजचे दर्शक’ अजून नांदत आहेत. ‘एकूण दर्शक’ हा आकडा कधीही कमी होऊ शकत नाही, हा त्याचा सर्वांत मोठा प्रशासकीय गुण आहे. दाखल्याचा अर्ज उघडेना म्हणून एकाच नागरिकाने पान अकरा वेळा रिफ्रेश केले, तर साध्या काउंटरच्या लेखी त्या सेवेचा लाभ अकरा दर्शकांनी घेतलेला असतो.

हिटची अब्रू गेल्यावर पेज व्ह्यू, म्हणजे किती पाने पाहिली गेली, हे एकक रूढ झाले. ते बरेच सुधारलेले आहे. त्यानंतर भेट, अर्थात सेशन. यंत्राच्या दृष्टीने भेट कधी संपते हे ठरवणे भाग होते, आणि अर्धा तास काहीच हालचाल झाली नाही की भेट संपली असा संकेत पडला. मोदकाची कृती वाचता वाचता उकड काढायला गेलेली व्यक्ती पस्तीस मिनिटांनी परतली, की ती दुसरी भेट. गुगल अ‍ॅनालिटिक्स या दर्शक मोजणाऱ्या सेवेच्या जुन्या आवृत्तीत मध्यरात्रीही भेट तोडली जाई. पावणेबाराला वाचायला बसून सव्वाबाराला उठणारा वाचक तारीख बदलताच दुसऱ्यांदा आत येई. नव्या आवृत्तीने ही प्रथा बंद केली आणि रात्री जागणाऱ्यांचे हिशेब एकेरी झाले.

खरी गंमत ‘युनिक व्हिजिटर’ या प्राण्याची. एकच माणूस पुन्हा आला हे ओळखायला कुकीचा, म्हणजे वेबसाइटने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या चिठ्ठीचा, आधार घेतात. 1994 साली नेटस्केप कंपनीतल्या लू मोंटुली यांनी कुकीची कल्पना काढली, ती ब्राउझरला आठवण राहावी म्हणून. दुकानाच्या वेबसाइटवर टोपलीत टाकलेली वस्तू पुढच्या पानावर गायब होऊ नये, एवढाच माफक हेतू. पुढे त्याच चिठ्ठीवर माणसे ओळखण्याचे काम लादले गेले. चिठ्ठी मात्र माणसाला चिकटत नाही, ब्राउझरला चिकटते. सकाळी फोनवर, दुपारी ऑफिसच्या संगणकावर आणि रात्री घरच्या लॅपटॉपवर तोच लेख वाचणारा एक प्राध्यापक म्हणजे तीन युनिक व्हिजिटर. अ‍ॅपलच्या सफारी ब्राउझरने 2019पासून पानावरच्या स्क्रिप्टने ठेवलेल्या अशा कुकींचे आयुष्य सात दिवसांवर आणले. तेव्हापासून आयफोनवर दर दहा दिवसांनी येणारा निष्ठावंत वाचक प्रत्येक वेळी नवा समजला जाण्याची शक्यता असते. संपादकांना मात्र ‘नव्या वाचकांचा ओघ’ दिसतो. उलट बाजूही आहे. एका टॅबलेटवर आजोबा राशिभविष्य, आई पाककृती आणि नातू क्रिकेट पाहतो. त्या तिघांचा मिळून एकच, जरा गोंधळलेल्या आवडीनिवडींचा दर्शक तयार होतो. ज्याने कुकीच नाकारली, तो तर वाचून गेला तरी बऱ्याच अहवालांत आलाच नव्हता.

ही मर्यादा फार लवकर लक्षात आली होती. 1995मध्ये केंब्रिज विद्यापीठात स्टीफन टर्नर यांनी अ‍ॅनलॉग नावाचे, लॉग वाचून अहवाल देणारे मोफत सॉफ्टवेअर लिहिले. वाचकांची खरी संख्या, भेटींची संख्या, वाचक पानावर किती वेळ थांबले, यांतले काहीही लॉगवरून खात्रीने सांगता येत नाही, हे त्याच्या माहितीपत्रातच स्पष्ट केलेले होते. असे सांगणारा माल बाजारात फार काळ पुढे राहत नाही. जी उत्पादने हेच आकडे दशांश चिन्हासह सांगत, त्यांना मागणी वाढली.

एप्रिल 2005मध्ये गुगलने सॅन डिएगोची अर्चिन ही कंपनी विकत घेतली आणि नोव्हेंबरमध्ये गुगल अ‍ॅनालिटिक्स फुकट उपलब्ध केले. इतकी झुंबड उडाली, की आठवडाभरात नवी नोंदणी थांबवावी लागली. दर्शकसंख्या मोजणाऱ्या सेवेला आपल्याकडे किती लोक येतील याचा अंदाज आला नाही, ही नोंद या शास्त्राच्या इतिहासात ठेवायला हवी. जुन्या कंपनीचे नाव अजूनही शिल्लक आहे: वाचक कोठून आला हे कळावे म्हणून लिंकच्या शेपटीला जे ‘यूटीएम’ लावतात, त्यातला पहिला शब्द अर्चिन.

भूगोलाचा तक्ता हा सर्व मालकांचा आवडता. जगाचा नकाशा, त्यावर निळ्या छटा. इंटरनेटच्या पत्त्यावरून गाव ओळखण्याची ही पद्धत देशापुरती बरीच विश्वासू, शहरापुरती साधारण आणि गावापुरती कल्पक आहे. भारतात मोबाइल कंपन्या एकेका पत्त्यामागे असंख्य ग्राहक बसवतात आणि तो पत्ता कंपनीची यंत्रणा जिथे असेल तिथला दिसतो. त्यामुळे गडहिंग्लजचा वाचक मुंबईकर होऊ शकतो आणि चंद्रपूरचा हैदराबादकर. दोघांना याची कल्पनाही नसते. अमेरिकेत याची मजल फार पुढे गेली. पत्त्यांवरून ठिकाण सांगणाऱ्या मॅक्समाइंड या कंपनीला ज्या पत्त्यांचे ‘अमेरिकेत कुठेतरी’ एवढेच माहीत होते, ते सारे तिने देशाच्या मध्यबिंदूजवळ अक्षांश-रेखांशांच्या सोयीस्कर पूर्णांकांवर टाकले. तो बिंदू कॅन्सस राज्यातल्या पॉटविन गावाजवळच्या एका शेतघरावर पडला. 60 कोटींहून जास्त पत्ते त्या शेतात जमा झाले, आणि इंटरनेटवर फसवले गेलेले लोक, पोलीस व तपास अधिकारी वर्षानुवर्षे तिथल्या दारात येत राहिले. 2016मध्ये हा उलगडा झाला. मग कंपनीने तो बिंदू विचिटा शहराच्या पश्चिमेकडच्या एका जलाशयाच्या मध्यावर नेला. इंटरनेटवरचे कोट्यवधी अमेरिकी पाण्यात गेले, पण शेतघराची सुटका झाली.

मराठी वेबसाइटच्या नकाशावर दोन गावे हमखास चमकतात: व्हर्जिनियातले अ‍ॅशबर्न आणि ऑरेगनमधले बोर्डमन. बोर्डमनची वस्ती चार हजारांच्या आसपास. तिथे ग्रामीण कथेला एवढा वाचक कसा, या प्रश्नावर हौशी मालक परदेशस्थ मराठी माणसाच्या भाषाप्रेमाचे उत्तर देतो आणि दिवाळी अंक तिकडे पाठवण्याचा टपालखर्च काढू लागतो. प्रत्यक्षात या दोन्ही ठिकाणी प्रचंड डेटा सेंटर आहेत, आणि कथा उघडतो तो तिथला बॉट, म्हणजे आपोआप पाने उघडणारा प्रोग्राम. बोर्डमनचा निकाल लावणे सोपे आहे. अ‍ॅशबर्नची अडचण अशी, की तिथे आणि आसपास भारतीय कुटुंबेही भरपूर आहेत, त्यांत मराठीही आहेत. तेव्हा अ‍ॅशबर्नहून आलेला वाचक हा एखादा कुलकर्णी आहे की कपाटात रचलेला सर्व्हर, हे नकाशावरून कळत नाही.

बॉट हा या विषयाचा मध्यवर्ती नायक आहे. शोधयंत्रांचे बॉट पाने वाचून सूची करतात, वेबसाइट चालू आहे ना हे पाहणारे बॉट दर काही मिनिटांनी डोकावतात, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपन्यांचे बॉट सगळेच वाचून नेतात. वर्डप्रेस या वेबसाइट बांधण्याच्या सॉफ्टवेअरवर न चालणाऱ्या वेबसाइटच्या लॉगमध्येही वर्डप्रेसचे लॉगिन पान मागणाऱ्या ओळी रोज सापडतात. कुलूप सैल आहे का हे पाहणाऱ्या बॉटला घर कोणाचे याच्याशी घेणे नसते. इम्पर्व्हा या सुरक्षा कंपनीच्या अहवालानुसार 2024मध्ये वेबवरच्या एकूण वर्दळीपैकी 51 टक्के यंत्रांची होती, म्हणजे माणसे अल्पसंख्य झाली. ही कंपनी बॉट अडवण्याचे साहित्य विकते, हे लक्षात घेऊन आकडा थोडा सैल धरला तरी चित्र फारसे बदलत नाही. सभ्य बॉट आपले नाव सांगतात आणि मोजणीतून वगळता येतात. इतर सारे आपण क्रोम आहोत असे सांगतात. तशी क्रोमची स्वतःची ओळखही सरळ नाही: त्याच्या ओळखपत्राची सुरुवात ‘मोझिला’ने होते आणि शेवट ‘सफारी’ने, कारण जुन्या काळी वेबसाइट ठराविक ब्राउझरांनाच चांगले पान वाढत, म्हणून प्रत्येक नव्याने आधीच्यांची नावे आपल्या नावाला जोडली. ओळखपत्रावर विसंबून राहण्यात अर्थ नाही हे यावरून दिसते.

मोठ्यांचीही यातून सुटका नाही. विकिपीडिया चालवणारी विकिमीडिया फाउंडेशन आपली पृष्ठदर्शने खुली ठेवते आणि त्यांत माणसे, उघड बॉट आणि लपून आलेली यंत्रे असे वेगळे रकाने करते. मे 2025च्या सुमारास माणसांच्या रकान्यात अचानक वाढ दिसली, बरीचशी ब्राझीलमधून. चाळणी बारीक करून पुन्हा मोजल्यावर ती यंत्रे निघाली आणि माणसांची पृष्ठदर्शने आदल्या वर्षीच्या त्याच महिन्यांपेक्षा सुमारे 8 टक्क्यांनी घटलेली आढळली. वाढ ब्राझीलला परत करून घट स्वतःहून जाहीर करणारी संस्था या क्षेत्रात विरळाच.

बॉट निदान वेबसाइटवर येतात तरी. 2014च्या सुमारास न येताच मोजले जाणारे दर्शक अवतरले. ते थेट अ‍ॅनालिटिक्सच्या सर्व्हरला ‘आम्ही अमुक वेबसाइटवर गेलो होतो’ असे परस्पर कळवत, आणि ते नोंदवले जाई. आपल्या वेबसाइटचे नाव अहवालात दिसावे आणि उत्सुकतेपोटी मालकाने त्यावर क्लिक करावे, हा त्यांचा उद्देश. नोव्हेंबर 2016मध्ये तर जगभरच्या मालकांना दर्शकांच्या भाषेच्या रकान्यात इंग्रजी, हिंदी, मराठी यांच्या पंक्तीत डोनाल्ड ट्रम्प यांना मत देण्याचे आवाहन आढळले. आवाहन अमेरिकेच्या निवडणुकीचे होते. ज्या असंख्य रकान्यांत ते उमटले त्यांच्या मालकांपैकी पुष्कळांना मतदानाचा हक्कच नव्हता.

दर्शक कोठून आले, या तक्त्यात ‘डायरेक्ट’ नावाचा एक मोठा रकाना असतो. नावावरून वाटते, की या मंडळींनी वेबसाइटचा पत्ता पाठ करून स्वतः टाइप केला. वस्तुतः कोठून आले हे न कळलेले सगळे इथे भरतात, आणि मराठी वेबसाइटच्या बाबतीत त्यांत व्हॉट्सअ‍ॅपचा वाटा दांडगा असतो. सोसायटीचा ग्रुप, दहावीच्या बॅचचा ग्रुप, ‘फक्त साहित्य, गुड मॉर्निंग टाकू नये’ हा ग्रुप, यांतून फिरलेल्या लिंकची वंशावळ अहवालात सहसा उमटत नाही. लिंकला यूटीएमची शेपटी लावून ती ग्रुपवर टाकली तर माग लागतो. पण शेपटीसकट लिंक पुढे जाते. ईमेलसाठी बनवलेली लिंक कोणीतरी ग्रुपवर टाकतो, आणि पुढे दोन वर्षे ‘आमचे ईमेल फार परिणामकारक आहेत’ असे निष्कर्ष निघत राहतात. याच रकान्यात आणखी एक निष्ठावान दर्शक असतो. तो रोज सकाळी उठल्याबरोबर येतो, सर्वाधिक पाने पाहतो आणि रात्री झोपण्यापूर्वी पुन्हा येतो. तो स्वतः मालक. त्याला मोजणीतून वगळण्याची सोय बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये आहे. ती वापरल्यावर काही वेबसाइटची दर्शकसंख्या जवळपास निम्मी होते, म्हणून ती फारशी वापरात नाही.

वेळ मोजण्याची कथा थोडक्यात उरकता येते. जुनी पद्धत एका पानाची वेळ पुढच्या पानाच्या वेळेतून वजा करून काढी. शेवटच्या पानानंतर पुढचे पान नसते, म्हणून शेवटच्या पानावर घालवलेला वेळ शून्य. एकच दीर्घ लेख तासभर डोळे विस्फारून वाचणारा वाचक शून्य सेकंद थांबून ‘बाउन्स’ झालेला, म्हणजे आल्यापावली परतलेला, ठरे. गुगल अ‍ॅनालिटिक्स 4मध्ये दहा सेकंदांहून अधिक काळ चाललेली भेट ‘गुंतलेली’ मानतात, ती बाउन्समध्ये धरत नाहीत. 1 जुलै 2023ला जुनी आवृत्ती बंद झाली, आणि असंख्य वेबसाइटचा बाउन्स रेट एक अक्षरही न बदलता सुधारला. व्याख्या बदलून निकाल सुधारण्याची ही रीत शिक्षण खात्याला नवी वाटू नये. सरासरीतली करामत तर याहून जुनी. सप्टेंबर 2016मध्ये फेसबुकने कबूल केले, की व्हिडिओ पाहण्याचा सरासरी वेळ काढताना तीन सेकंदांच्या आत पळालेले प्रेक्षक भागाकारातून वगळले जात होते. दोन वर्षे चाललेल्या या हिशेबात सरासरी 60 ते 80 टक्क्यांनी फुगली असावी, असे एका मोठ्या जाहिरात कंपनीला कळवले गेले.

तुलना करताना मराठी वेबसाइटपुढे एक खास अडचण येते, ती पंचांगाची. गणपतीच्या आरतीच्या पानाला भाद्रपदात जी गर्दी होते ती उरलेल्या वर्षात होत नाही. सॉफ्टवेअर मात्र ‘मागील वर्षी याच तारखेला’ अशी तुलना करते. गणेश चतुर्थी 2023मध्ये 19 सप्टेंबरला होती, 2024मध्ये 7 सप्टेंबरला आणि 2025मध्ये 27 ऑगस्टला. त्यामुळे ऑगस्ट 2025चा अहवाल ‘अभूतपूर्व वाढ’ दाखवतो आणि सप्टेंबरच्या अहवालावर कार्यकारिणीची तातडीची बैठक बोलावली जाते. 2023मध्ये अधिक श्रावण आला होता, हे कॅलिफोर्नियात सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या कोणाला ठाऊक असण्याचे कारण नाही. तिथीशी तिथी जुळवून तुलना हातानेच करावी लागते. टक्केवारीबाबतही तेच तारतम्य हवे: दोन वाचकांचे सहा झाले तर वाढ 200 टक्के होते, आणि वार्षिक अहवालात तेवढीच छापली जाते.

इतके सगळे असूनही ही आकडेवारी उपयोगी आहे. मात्र ती कोणता निर्णय घ्यायचा हे आधी ठरवून उघडावी लागते. तालुक्याच्या ठिकाणचे एखादे सार्वजनिक ग्रंथालय घ्या. ‘किती लोक आले’ या प्रश्नाच्या उत्तराने तिथे काहीच बदलणार नाही. पण बहुतेक लोक फोनवरून येतात असे दिसले, तर पुस्तकांची स्कॅन केलेली जड पीडीएफ यादी काढून साधे पान करावे, हे ठरते. बहुतेक जण फक्त वेळांचे पान पाहून दहा सेकंदांत जातात, तर त्यांना हवे ते मिळाले. वेळ पहिल्याच पानावर ठळक टाकली तर तेवढेही कष्ट वाचतील, आणि दर्शकसंख्या घटेल, हे कार्यकारिणीला आधीच समजावून ठेवावे. 404ची यादी अवश्य वाचावी. अस्तित्वात नसलेले एकच पान वारंवार मागितले जात असेल तर वार्षिकोत्सवाच्या निमंत्रणपत्रिकेवर पत्ता चुकीचा छापला आहे असे समजावे.

सर्वांत बोलके असतात ते लोकांनी शोधलेले शब्द. गुगलच्या सर्च कन्सोल या सेवेत ते दिसतात, वेबसाइटला स्वतःचा शोधरकाना असेल तर तिथेही. मराठी माणूस मराठी मजकूर बऱ्याचदा रोमन लिपीत शोधतो, आणि त्याचे स्पेलिंग प्रत्येक जिल्ह्याचे वेगळे असते. दिवाळी अंकाच्या वेबसाइटवर लोक कोणत्या लेखकासाठी येतात हे पाहायला गेलेल्या संपादकाला ‘फ्री पीडीएफ डाउनलोड’ ही लोकेच्छा आढळते. पण पाककृतीच्या वेबसाइटवर ‘चकली मऊ का पडते’ हा प्रश्न वरचेवर विचारला जात असेल आणि त्याचे उत्तर कुठेच नसेल, तर पुढचा लेख कोणता लिहायचा हे ठरले. हा प्रश्न बॉट सहसा विचारत नाहीत. बॉट चकली करत नाही, आणि केली तरी ती मऊ पडल्याचे दुःख त्याला होत नाही.

दिवसातून दहा वेळा आकडा पाहणाऱ्यांनी महिन्यातून एकदा पाहावा. वाचकसंख्येत त्याने फरक पडत नाही, फक्त डायरेक्टचा रकाना थोडा उतरतो. आणि एक सेटिंग पहिल्याच दिवशी बदलून घ्यावे. गुगल अ‍ॅनालिटिक्स 4च्या मोफत आवृत्तीत सखोल विश्लेषणासाठी लागणारी तपशीलवार माहिती मुळात दोनच महिने ठेवली जाते. ती मुदत 14 महिने करता येते, पण आपण होऊन होत नाही. यंदाचा गणेशोत्सव मागच्याशी ताडून पाहायचा असेल तर दोन महिने पुरत नाहीत, आणि अधिक मासाच्या वर्षी 14सुद्धा जेमतेमच पुरतात.